शासकीय वित्तीय व्यवस्थापन माहिती प्रणाली

अर्थसंकल्प मंजूर झाल्यापासून पैसा कुणाच्या तरी खात्यात पडेपर्यंतचा सगळा प्रवास, म्हणजे अनुदानवाटप, देयक, पेमेंट आणि शेवटचा जमाखर्च, एकमेकांना जोडलेल्या संगणकीय व्यवस्थेत नोंदवायची पद्धत. जगभर तिला एफएमआयएस म्हणतात, सगळे भाग एकत्र असतील तर पुढे एक आय लागून आयएफएमआयएस होतं. केंद्राची पीएफएमएस (सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली) आणि महाराष्ट्राच्या बीम्स (अनुदानवाटप), सेवार्थ (पगार), कोषवाहिनी (कोषागारांची माहिती), ग्रास (जमा) या सगळ्या याच कुळातल्या. ऑफिसात मात्र पूर्ण नाव कुणी घेत नाही, ‘बीम्सवर पैसे आले का?’ एवढंच विचारतात.

सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर एकमत नाही. विकास-अर्थशास्त्राकडून आलेले अभ्यासक साधारण १९८४ धरतात, कारण जागतिक बँकेने अशा प्रणालींना कर्ज द्यायला तेव्हापासून सुरुवात केली, आणि बँकेच्याच २०११ च्या अभ्यासात ५१ देशांतले ८७ प्रकल्प मोजलेले आहेत. पण ही तारीख कर्जांची झाली, कल्पनेची नाही. दुसरं मत ब्राझीलच्या बाजूचं. तिथे १९८६ मध्ये राष्ट्रीय कोषागार सचिवालय निघालं आणि जानेवारी १९८७ पासून सियाफी नावाची प्रणाली केंद्र सरकारसाठी सुरू झाली. तिचा खरा पाया संगणकाच्या कितीतरी आधीचा, १९६४ च्या कायद्यातला. त्या कायद्याने खर्चाचे तीन टप्पे पाडले होते: आधी रक्कम बांधून ठेवायची, मग काम झालं का ते तपासायचं, मग पैसे द्यायचे, आणि पहिला टप्पा झाल्याशिवाय खर्चच करायचा नाही. सियाफीने हा क्रम मशीनमध्ये बसवला. आपल्याकडचे काही लेखक १९७६ पर्यंत मागे जातात, जेव्हा केंद्रात लेखापरीक्षण आणि लेखा वेगळे झाले, महालेखानियंत्रक हे पद आलं आणि मंत्रालयांना स्वतःची वेतन व लेखा कार्यालयं मिळाली. त्यात संगणक कुठेच नव्हता, तरी माहितीचा रस्ता बदलला हे खरं. राज्यांत तो बदल झालाच नाही, महाराष्ट्राचे लेखे आजही मुंबई आणि नागपूरची महालेखापाल कार्यालयं कोषागारांकडून आलेल्या प्रमाणकांवरून (व्हाउचरवरून) तयार करतात. एकूण पाहता ब्राझीलचा दावा जास्त वजनदार वाटतो.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कसला आणि कशासाठी हे सांगणारा सांकेतांक, सॉफ्टवेअर नंतर. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५० प्रमाणे केंद्र आणि राज्यांच्या लेख्यांचा नमुना राष्ट्रपती नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने ठरवतात, म्हणून वरचे स्तर देशभर सारखे. एकूण सहा स्तर आणि १५ अंक: प्रधान शीर्षाचे ४, उपप्रधानचे २, गौणचे ३, मग उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष आणि उद्दिष्ट यांचे प्रत्येकी २. प्रधान शीर्षाच्या पहिल्या अंकावरूनच पैशाची जात कळते. ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ महसुली खर्च, ४ किंवा ५ भांडवली, ६ किंवा ७ कर्ज, ८ म्हणजे बहुतेक लोकलेखा (सरकारकडे ठेव म्हणून असलेला दुसऱ्यांचा पैसा). पुढचे तीन अंक विषयाचे, त्यामुळे पीकसंवर्धनाची जमा ०४०१, खर्च २४०१, भांडवल ४४०१, कर्ज ६४०१, पहिल्या अंकात दोन-दोन मिळवत गेलं की झालं. शिक्षणाचं २२०२ आणि आरोग्याचं २२१० हे तर लेखा शाखेतल्या माणसाला झोपेतही आठवतं. महाराष्ट्रात बोलताना १५ अंक कोणी म्हणत नाही, इथे प्रधान शीर्ष धरून आठ अंकी योजना सांकेतांक आणि त्यापुढे दोन अंकी उद्दिष्ट (०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च) असं चालतं, आणि मग केंद्राच्या प्रणालीशी जुळवताना या दोन भाषांचा मेळ घालत बसावं लागतं, जे काम बाहेरून अजिबात दिसत नाही.

केंद्राची पीएफएमएस २००८-०९ च्या सुमारास सीपीएसएमएस (केंद्रीय योजनांवर देखरेखीची प्रणाली) या नावाने आली. कारण साधं होतं. त्या काळात केंद्रपुरस्कृत योजनांचा बराच पैसा राज्याच्या तिजोरीत न येता थेट योजना राबवणाऱ्या सोसायट्यांच्या आणि जिल्ह्यातल्या यंत्रणांच्या बँक खात्यात जायचा, दिल्लीच्या वहीत तो ‘खर्च’ झालेला असायचा आणि इकडे खात्यात पडून असायचा. तो कुठे पडलाय हे शोधायला ही प्रणाली. डिसेंबर २०१३ मध्ये देशभर विस्ताराला मंजुरी मिळाली, २०१४-१५ पासून योजनांचा पैसा राज्यांच्या एकत्रित निधीतून यायला लागला. तरी खाती काही कमी होईनात, म्हणून १ जुलै २०२१ पासून प्रत्येक योजनेला राज्यात एकच मुख्य खातं आणि खालच्यांना शून्य शिल्लक खाती असा नियम आला. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंटही ई-ग्रामस्वराज या पोर्टलमधून पीएफएमएसला जातं, त्याला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि सरपंच दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. या सह्यांची दोन्ही डोंगल काही ठिकाणी एकाच ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये सापडतात, तो भाग वेगळा.

महाराष्ट्रात वित्त विभाग बीम्सवर अनुदान सोडतो, ते प्रशासकीय विभाग, नियंत्रक अधिकारी करत आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत (ऑफिससाठी कोषागारातून पैसे काढणाऱ्यापर्यंत) खाली येतं, तो प्राधिकारपत्र, म्हणजे तेवढ्या खर्चाची परवानगी, काढतो, ते देयकाला जोडून कोषागारात जातं (मुंबईत अधिदान व लेखा कार्यालयात). अनुदान शिल्लक नसेल तर प्राधिकारपत्र निघतच नाही, आणि हीच बीम्सची खरी ताकद. पूर्वी कंट्रोल रजिस्टरमध्ये लाल शाईने आकडे मांडायचे, मार्चअखेरीस अनुदानापेक्षा जास्त देयकं गेली तर ते पार विनियोजन लेख्यांत (वर्ष संपल्यावर मंजूर रक्कम आणि खर्च ताडून पाहणाऱ्या लेख्यांत) उघड व्हायचं. आता ३१ मार्चच्या रात्री सगळं ऑफिस एका स्क्रीनपुढे बसून पान रिफ्रेश करत असतं, कारण रात्री अकराला सुटलेलं अनुदान बाराच्या आत वापरलं नाही तर व्यपगत, म्हणजे हातचं गेलं. सेवार्थ पगारासाठी, ग्रास जमेसाठी, तिथे एमटीआर ६ या नमुन्यातलं, पैसे भरायचं चलान ऑनलाइन निघतं.

प्रणाली आणली की भ्रष्टाचार थांबतो हा समज आफ्रिकेतल्या मलावीत मोडला. तिथे आयएफएमआयएस असतानाच २०१३ मध्ये ‘कॅशगेट’ झालं: न झालेल्या कामांची पेमेंट याच प्रणालीतून काढायची आणि मग नोंद पुसून टाकायची. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांच्या फॉरेन्सिक तपासणीत १३ अब्ज क्वाचांहून (तिथलं चलन) जास्त रकमेचे संशयास्पद व्यवहार सापडले आणि दात्या देशांनी बजेटची मदत थांबवली. आपल्याकडे २०२५ मध्ये नागपूरला गाजलेलं बोगस शालार्थ आयडीचं (शालार्थ ही शिक्षकांच्या पगाराची प्रणाली) प्रकरण थोडं वेगळं, तिथे आरोप पुसण्याचा नसून घुसवण्याचा आहे. आयडी एकदा तयार झाला की पगार काढणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने तो शिक्षक खराच असतो.

आणखी एक उणीव तांत्रिक आहे पण मोठी आहे. आपले सरकारी लेखे रोखीच्या तत्त्वावर चालतात, त्यामुळे वर्कऑर्डर निघाली, रस्ता झाला, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली तरी देयक पास होऊन पैसे निघेपर्यंत ती रक्कम खर्चात कुठेच दिसत नाही. ब्राझीलचा पहिला टप्पा इथे गाळलेला आहे. काही कार्यालयं दायित्वाची, म्हणजे अजून द्यायच्या रकमांची, वेगळी एक्सेल शीट ठेवतात आणि ठेकेदारांची थकबाकी नेमकी किती या प्रश्नाला विभागाचं उत्तर वेगळं, संघटनेचं वेगळं येतं.