चमकी कुठे गेली?

नाक टोचल्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी भाची आरशासमोरून ओरडली, "मावशी, चमकी कुठे गेली?" चमकी कुठेच गेली नव्हती. नाकपुडीवर लाल, चकचकीत सूज होती आणि तिच्या मधोमध मोहरीएवढा खळगा. चमकी त्या सुजेखाली रुतली होती.

नाक टोचलं होतं मालवणजवळच्या एका जत्रेत. "गनशॉटने नाक-कान टोचून मिळतील" असा फलक लावलेली टपरी होती. टोचणाऱ्या पोराचा हात सराईत होता, पण तो कानांवर. नाकं त्याने आतापर्यंत दोन-तीनच केली होती, हे त्याने टोचून झाल्यावर हसत हसत सांगितलं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी जागा बधिर करून चमकी बाहेर काढली. घरी आल्यावर आईने नातीला एवढंच विचारलं, "अगो, सोनाराकडे जाऊक काय झाला होता तुका?"

सोनाराने कान टोचावेत, असं आपण एरवी उपदेशाच्या संदर्भात म्हणतो. पण म्हण शब्दशः घेतली, तर सोनाराला असं काय येत होतं जे त्या पोराला येत नव्हतं?

सुरुवात हत्यारापासून करू. टोचायची गन बनली कानाच्या पाळीसाठी. तिच्यात स्प्रिंग असते आणि ती दागिन्याची दांडीच जोरात त्वचेतून पार करते. पोकळ सुईला तिरकी धार असते, ती ऊती कापत जाते. गनमधली दांडी त्यामानाने बोथट. ती ऊती चिरडत, फाडत पुढे जाते. कानाची पाळी मऊ असते, चिरडलेलं सोसते. शिवाय गनच्या दांडीची लांबी ठरलेली, आणि मागची फिरकी घट्ट दाबून बसणारी. टोचल्यावर पहिले काही दिवस सूज येणारच. तिला पसरायला जागा नसेल तर ती दागिन्यावरून चढते आणि त्याला पोटात घेते. आमच्याकडे नेमकं तेच झालं. कसबी माणूस सुजेचा अंदाज धरून पहिली दांडी थोडी लांब घालतो. सोनार तर तारेची सैल वळीच घालायचा, म्हणजे रुतायचा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट जागेची. नाकपुडीचा गोल, मांसल भाग मुख्यतः तंतू आणि चरबीचा असतो. नाकाला आकार देणारी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, त्याच्या वर आणि शेंड्याकडे असते. बोटाने चाचपलं तर कडकपणा कुठे सुरू होतो ते कळतं, करून बघा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला तर तिचं पोषण तुटतं, आणि मेलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. नाकाची ती बाजू कायमची चिमटल्यासारखी दिसू शकते. म्हणजे चार-पाच मिलिमीटरच्या चुकीने साधी जखम अवघड जखमांच्या यादीत जाते.

जागेचा हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याबद्दल आहे. डाव्या हाताने कान ओढून धरावा, सूर्यकिरण आरपार दिसतील ती जागा शोधावी आणि तिथे हळूहळू, सरळ टोचावं, असं त्यात सांगितलंय. रक्त फार आलं किंवा फार दुखलं तर जागा चुकली असं समजावं. चुकून विंधल्या जाणाऱ्या तीन शिरांची नावं आहेत, कालिका, मर्मरिका आणि लोहितिका, आणि प्रत्येकीने होणारा त्रासही वेगळा दिलाय. आजच्या शरीरशास्त्रात या शिरा नेमक्या कुठल्या यावर वाद घालता येईल. पण उजेड आरपार पाडून रक्तवाहिन्या टाळायच्या, ही युक्ती आजही तितकीच कामाची आहे.

नाकाचा इतिहास मात्र कानाएवढा जुना नाही. मूळचे देवरुखचे, भांडारकर संस्थेतले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीचे जुने उल्लेख शोधले. इसवी सन 1000 च्या अलीकडचेच पुरावे त्यांच्या हाती लागले. डावी नाकपुडी टोचली की बाळंतपण सोपं जातं, असं अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. नाकपुडीला गर्भाशयाशी जोडणारी कुठलीही नस नाही.

टोचल्यानंतर शरीर जे करतं ते मला सगळ्यात गमतीचं वाटतं. एरवी जखम झाली की दोन्ही कडांची त्वचा एकमेकींकडे सरकते आणि जखम मिटते. इथे मध्ये धातू आहे. मग त्वचेच्या पेशी दोन्ही तोंडांकडून धातूच्या कडेकडेने आत सरकतात आणि भोकाला आतून अस्तर लावतात, बोगद्याला दोन्ही बाजूंनी गिलावा करत यावं तसं. तोंडं आधी पूर्ण होतात, मध्य शेवटी. म्हणून बाहेरून बरं दिसलं तरी आत काम चालू असतं. कानाच्या पाळीला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, नाकपुडीला चार ते सहा महिने, कधी जास्तही. चमकी फिरवत राहावी म्हणजे चिकटत नाही, हा घरोघरीचा सल्ला या गिलाव्याच्या मुळावर येतो. प्रत्येक फिरवण्याने नवं अस्तर खरवडलं जातं आणि सुकलेली खपली आत ओढली जाते. हळद-खोबरेलाच्या लेपाचंही तसंच. त्याखाली लस आणि धूळ अडकून राहते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे शरीरातल्या द्रवांइतकाच खारटपणा, एवढ्याने पुसलं तरी पुरतं. समुद्राचं पाणी त्याच्या जवळजवळ चौपट खारट असतं, आणि उबदार खाडीच्या पाण्यात जखमेत शिरणारे व्हिब्रिओ गटातले जिवाणूही असतात. जखम भरेपर्यंत डुंबणं बंद.

धातूच्या बाबतीत सोनार उजवा होता. 22 कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोनं असतं, उरलेलं बहुतेक तांबं आणि चांदी. जत्रेतल्या चमक्यांत बऱ्याचदा वर मुलामा आणि खाली निकेल असतं. घामातल्या क्षारांनी निकेल विरघळतं, आणि कोकणातल्या मे महिन्यात घामाला काय तोटा! निकेलचे कण त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना ओळखून ठेवते. ही ओळख जन्मभर टिकते. पुढे घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण, काहीही लागलं की एक-दोन दिवसांनी खाज आणि पुरळ. ताजी जखम म्हणजे अशी ओळख व्हायला उघडं दारच. युरोपात म्हणूनच टोचण्याच्या दागिन्यातून निकेल किती सुटावं यावर मर्यादा आहे, दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला 0.2 मायक्रोग्रॅम.

पण सोनाराला डोक्यावर घ्यायचंही कारण नाही. तीच तार, तोच चिमटा, वर स्पिरिटचा बोळा. जंतूंचं गणित त्याला ठाऊक नव्हतं, आणि जत्रेतल्या पोरालाही नाही. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. हत्यार पक्कं निर्जंतुक करायचं तर दाबाखालची 121 अंशांची वाफ पंधरा मिनिटं हवी, साधारण प्रेशर कुकरच्या आत असते तशी. प्लॅस्टिकची गन त्यात वाकडी होईल, म्हणून तिला कोणी त्यात घालतच नाही. शिवाय नाक हे जंतूंचं घरच. दर दहापैकी साधारण तिघांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू मुक्कामाला असतो, एरवी बिनबोभाट.

थोडी लाली, थोडी पांढरट लस हे चालायचंच. भोकाशेजारी लाल, ओलसर, टेकवलं की रक्त येणारा दाणा आला तर सगळे "केलॉइड" म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा ते नुसतं चिडलेलं मांस असतं. केलॉइड म्हणजे वाढत जाणारा वण. तो सावकाश येतो, टणक असतो आणि जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो. पू झाला तर चमकी आपली आपण उपटू नये, तोंड मिटून पू आत कोंडतो. ताप, डोळ्याभोवती सूज किंवा दोन-दोन दिसणं यातलं काही झालं, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. नाकाच्या शिरा डोळ्यामागच्या शिरांना जाऊन मिळतात. असं क्वचित होतं, पण झालं तर वेळ फार थोडा असतो.

भाचीचं भोक आठवड्यात मिटलं, वण जायला महिने लागले. दुसऱ्या वेळी डॉक्टरांकडेच टोचलं. त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि बारीक टॉर्च नाकपुडीच्या आत धरला. नाकपुडी कंदिलाच्या काचेसारखी लाल उजळली, आणि त्या लालीत एक काळपट रेघ दिसली. पेनाने केलेला ठिपका त्यांनी पुसला आणि रेघेपासून दोन मिलिमीटर पुढे नवा केला.

आई शेजारच्या खुर्चीवरून बघत होती. "माका पण सोनारान असाच उन्हात बसयलेला," ती म्हणाली.