गोव्यातील व्यावसायिकांच्या विचारविनिमयाची पार्श्वभूमी

गोव्यातील डॉक्टर, वास्तुविशारद, सनदी लेखापाल आणि अभियंते यांच्या संघटना आज परिषदा, चर्चासत्रे, वेबिनार आणि ध्वनिचित्रफितींतून आपल्या सभासदांपर्यंत नवे विचार पोहोचवतात. या प्रथेची मुळे शोधताना मला नेहमी १५६३ साली गोव्यात छापून निघालेला गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ आठवतो. छापखाना गोव्यात आला त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. भारतीय औषधी द्रव्यांवरील हे लेखन ओर्ताने दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपात मांडले आहे. त्यात एक प्रश्न विचारतो, शंका काढतो, आणि दुसरा इथल्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. पटकीविषयी बोलताना येथील लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात, अशी नोंद त्यात येते. ती म्हणजे आपली मोडशीच. रुग्णाच्या तोंडचा शब्द वैद्याने जसा ऐकला तसा टिपून ठेवावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. चारच वर्षांनी, १५६७ साली, क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पमधून या ग्रंथाचा लॅटिन सारांश प्रसिद्ध केला आणि गोव्यातले हे ज्ञान युरोपातील वैद्यांच्या हाती पडले.

पुढे १७५४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात छपाईला बंदी घातली आणि १८२१ साली ‘गाझेता द गोवा’ हे सरकारी वृत्तपत्र निघेपर्यंत व्यवसायांतील ज्ञान मुख्यतः बोलण्यातून आणि हस्तलिखितांतून फिरत राहिले. १८४२ साली पणजीत वैद्यकीय विद्यालय सुरू झाले, १८७१ साली ‘इन्स्तितुतो वास्को द गामा’ ही विद्वानांची संस्था स्थापन झाली, तर १९०८ साली व्यापाऱ्यांनी आपली संघटना उभारली. तीच आजची गोवा चेंबर ऑफ कॉमर्स. इन्स्तितुतोने १९२६ पासून आपले नियतकालिक काढले आणि त्यामुळे विद्वानांचे लेखन पुढच्या पिढीसाठी जपले गेले.

ते लेखन मुख्यतः पोर्तुगीजमध्ये होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर व्यवसायांची भाषा इंग्रजी झाली, देशव्यापी संघटनांच्या शाखांचे काम त्याच भाषेत चालू लागले, आणि अवघ्या एका पिढीत आधीच्या लेखनाचा वाचक उरला नाही. माझ्या मते छपाईबंदीइतकीच ही तूट मोठी आहे, कारण ग्रंथ कपाटात असूनही त्यांतला अनुभव आजच्या व्यावसायिकापर्यंत येत नाही.

२००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरांकडून दर पाच वर्षांत किमान ३० तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा धरल्यापासून अशा कार्यक्रमांना नियमितपणाची जोड मिळाली, आणि २०२० च्या टाळेबंदीत ते सभागृहातून पडद्यावर गेले. काणकोणच्या डॉक्टरला त्यासाठी पणजी गाठावी लागेना, ही मोठीच सोय झाली. मात्र व्याख्यान इंग्रजीत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात रुग्ण आपले दुखणे मराठीत किंवा कोकणीत सांगतो. ते शब्द त्या ध्वनिचित्रफितींत सहसा येत नाहीत.