बाळाची भूल: नळी घालायची की मास्क?

हर्निया किंवा टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी लेकराला नाशिकला घेऊन आलेले आईवडील भूलतज्ज्ञाला हमखास विचारतात, "डॉक्टर, घशात नळी घालणार का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दरवेळी 'हो' नसतं.

पूर्ण भूल दिली की जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अडते. लहान मुलांची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, त्यामुळे हे लवकर घडतं. त्यात तान्ह्या बाळाला किलोमागे मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसातला साठा तोकडा असतो. श्वास अडला तर हाताशी वेळ फारच थोडा.

वाट राखायची जुनी, भरवशाची रीत म्हणजे स्वरपट्ट्यांमधून थेट श्वासनलिकेत नळी घालणं. पोटातलं वर आलं तरी फुप्फुसाचं रक्षण सर्वांत चांगलं तीच करते. पण बाळाची श्वासनलिका चार मिलिमीटरची धरा. नळी घासून आतून चहूबाजूंनी एकच मिलिमीटर सूज आली, तर वाट उरते दोन मिलिमीटरची. क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटतं आणि हवेला होणारा अडथळा सोळापट होतो! मोठ्या माणसाला तेवढी सूज फारशी जाणवतही नाही.

ब्रिटिश भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये दुसरी वाट काढली. त्यांचा लॅरिंजियल मास्क, म्हणजे एलएमए, स्वरपट्ट्या न ओलांडता स्वरयंत्राच्या तोंडावर बसतो. त्याच्या कडेचा फुगा हवेने भरावा लागतो. जास्त भरला तर घसा दुखावतो. २००७ मध्ये आलेल्या आय-जेलला, म्हणजे याच जातीच्या दुसऱ्या मास्कला, असा फुगाच नाही, तिची मऊ कड घशाच्या आकाराला जुळते. मात्र अगदी लहान मुलांत ती वर सरकू शकते, म्हणून टेपने पक्की करावी लागते आणि मान हलवली की पुन्हा तपासावी लागते.

आय-जेलचा आकार वजनावर ठरतो: दीड नंबर ५ ते १२ किलोला, दोन नंबर १० ते २५ किलोला. नळीचा अंदाज मात्र वयावरून करतात. टोकाजवळ हवेचा फुगा असलेल्या नळीसाठी वयाला चाराने भागून साडेतीन मिळवायचे, की नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. चार वर्षांच्या मुलाला साडेचार. आता सुरगाण्याहून आलेलं चार वर्षांचं मूल अकराच किलोचं भरलं तर? आय-जेलचे दोन्ही नंबर त्याला लागू पडतात आणि वयावरून काढलेली नळी मोठी ठरू शकते. अशा वेळी अर्ध्या नंबराने लहान नळीही ट्रेमध्ये तयार हवी. ऑपरेशनच्या सकाळी वजन नीट करून घ्यावं, फाइलमधल्या जुन्या आकड्यावर विसंबू नये, असं मला कळकळीने वाटतं.

मग सरस काय? ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये छोट्या ऑपरेशनसाठी आलेल्या, वर्षाच्या आतल्या बाळांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी घातलेल्या ५३ टक्के बाळांना श्वसनाचा काही ना काही त्रास झाला, एलएमए बसवलेल्यांपैकी १८ टक्क्यांना. स्वरपट्ट्या किंवा फुप्फुसातल्या श्वासवाहिन्या आवळून बसण्याचं प्रमाण १९ विरुद्ध ४ टक्के होतं. छोट्या ऑपरेशनला, उपाशीपोटी आलेल्या धडधाकट बाळासाठी माझा कौल म्हणूनच मास्ककडे आहे. पोट भरलेलं असेल, आतड्याला अडथळा असेल किंवा पोट वा छाती उघडायची असेल, तर नळीच हवी. टॉन्सिललाही अनेक भूलतज्ज्ञ नळीच पसंत करतात.

हा निर्णय आईवडिलांच्या सांगण्यावरही अवलंबून असतो. नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत मुलांची नाकं वाहतच असतात आणि तारीख पुढे जाईल म्हणून सर्दी सांगितली जात नाही. गेल्या दोन आठवड्यांतली सर्दी भुलेतला धोका वाढवते; घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तरीही. जेवण सहा तास आधी, आईचं दूध चार तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवायचं, हा रूढ नियम. पहाटेच्या एसटीत रडणाऱ्या लेकराला दिलेलं दूध-बिस्किट भूलतज्ज्ञाला सांगितलं, तर ऑपरेशन काही तास पुढे ढकलता येतं. सांगितलं नाही, तर पोट रिकामं आहे असं धरून मास्क बसवला जातो, आणि उलटी वर आली तर नळीइतक्या खात्रीने तो ती अडवू शकत नाही.