एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या) नावावर शेअर्स आहेत? मग बेन-१ आणि बेन-२ हे फॉर्म भरलेत का ते पाहा

शेअर ज्याच्या नावावर, तोच खरा मालक असतो असं नाही. म्हणून कंपनी कायदा २०१३ चं कलम ९० आडून (अप्रत्यक्ष) मालकी असलेल्या माणसाचं नाव मागतं. कायद्याच्या भाषेत तो ‘सिग्निफिकंट बेनिफिशियल ओनर’, बोलताना एसबीओ. ‘हे मोठ्या कंपन्यांचं काम’ असं समजून घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या ते सोडून देतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

समजा, दोन भावांची कंपनी आहे. थोरल्याकडे ४० टक्के, धाकट्याकडे ४५, आणि उरलेले १५ टक्के थोरला कर्ता (कुटुंबप्रमुख) असलेल्या एचयूएफच्या नावावर. धाकट्याला काही करायचं नाही. त्याची मालकी थेट सभासद नोंदवहीत दिसते. थोरल्याचे १५ टक्के मात्र एचयूएफच्या आडून येतात, म्हणून तो एसबीओ. मर्यादा १० टक्क्यांची आहे आणि ती मोजताना थेट व आडून असलेले हिस्से एकत्र धरतात. आडून काहीच नसेल, तर थेट कितीही असो, प्रश्न येत नाही.

मध्ये दुसरी कंपनी असेल तर तिच्यात त्या व्यक्तीचा निम्म्याहून जास्त हिस्सा आहे का ते पाहतात. नवरा-बायको ५०-५० असतील तर या निकषात दोघंही बसत नाहीत. पण प्रत्यक्ष नियंत्रण कुणाचं, हे वेगळं तपासावं लागतं. भागीदारी संस्था असेल तर भागीदार, धर्मादाय ट्रस्ट असेल तर विश्वस्त एसबीओ धरतात.

एसबीओ झाल्यापासून ३० दिवसांत त्या व्यक्तीने कंपनीला बेन-१ द्यायचा. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, पॅन, परदेशी नागरिक असल्यास पासपोर्ट क्रमांक, आणि हक्क कधी व कशातून आला ते लिहायचं. तो हाती आल्यापासून ३० दिवसांत कंपनीने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर बेन-२ भरायचा. सोबत बेन-१ जोडायचा, संचालकाची डिजिटल सही आणि सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं. बेन-३ ही एसबीओंची नोंदवही कंपनीतच ठेवायची.

‘कुणी बेन-१ दिलाच नाही’ ही सबब चालत नाही. १० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या, व्यक्ती नसलेल्या प्रत्येक सभासदाला कंपनीने स्वतःहून, आडून मालक कोण हे विचारणारी बेन-४ नोटीस पाठवायची. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर नाही आलं, तर पुढच्या १५ दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अर्ज. तिथे त्या शेअर्सचा लाभांश आणि मतदान रोखलं जाऊ शकतं.

दंडही मोठा आहे (कायद्याच्या व्याख्येत ‘स्मॉल कंपनी’ ठरणाऱ्यांना यातला जास्तीत जास्त निम्मा). जाहीर न करणाऱ्या व्यक्तीला ५०,००० रुपये आणि पुढे रोज १,०००, कमाल २ लाख. कंपनीला १ लाख आणि रोज ५००, कमाल ५ लाख. जबाबदार अधिकाऱ्यांना वेगळा.

नोव्हेंबर २०२३ पासून एलएलपींनाही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांना) असेच नियम लागू आहेत.

आणि एक तारीख घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. कर्ता वारला की वारसाचे कागद, बँकेची कामं सुरू होतात. पण नवा कर्ता एसबीओ ठरला, तर त्याचे ३० दिवसही तेव्हाच सुरू झालेले असतात.