लेवीच्या तीन घराण्यांची कामवाटणी

बायबलमधल्या इस्राएलाच्या बारा वंशांपैकी लेवी हा उपासनेच्या सेवेला नेमलेला वंश, पण त्यातला प्रत्येक जण याजक, म्हणजे पुरोहित, नव्हता. वेदीवर अर्पण करणे आणि धूप जाळणे हा अधिकार फक्त मोशेचा भाऊ अहरोन याच्या पुत्रपौत्रांचा. बाकीचे लेवी त्यांच्या हाताखाली. हा भेद पक्का धरला नाही तर बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकातला तिसरा-चौथा अध्याय नुसती नावांची जंत्री वाटतो. प्रत्यक्षात तिथे निवासमंडप (रानातल्या प्रवासात सोबत नेलेले तंबूचे उपासनास्थान) उतरवायचा, वाहायचा आणि पुन्हा उभा करायचा कसा, याची काटेकोर व्यवस्था आहे.

लेवीचे तीन मुलगे: गेर्षोन, कहाथ, मरारी. कामावर घ्यायचे ते 30 ते 50 वयाचे पुरुष. त्यांची नोंदलेली संख्या अनुक्रमे 2,630, 2,750 आणि 3,200, एकूण 8,580.

सर्वांत पवित्र वस्तू कहाथींकडे होत्या, पण त्यांना त्या उघड्या पाहण्याचीही मुभा नव्हती. तळ हलवायचा ठरला की आधी अहरोन आणि त्याचे मुलगे आत जात. परमपवित्र स्थानापुढचा अंतरपट खाली काढून तोच कोशावर (देवाच्या कराराच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवर) घालत, त्यावर तहश नावाच्या प्राण्याचे कातडे, आणि सर्वांत वर निळे कापड. बाकीच्या वस्तूंवर कातडे शेवटी, बाहेरून येई. निळे बाहेर फक्त कोशावर. त्यामुळे चालत्या ताफ्यात कोश लांबूनही ओळखू येत असणार. समक्षतेच्या भाकरीच्या, म्हणजे देवापुढे मांडलेल्या भाकरींच्या, मेजावर निळ्यानंतर किरमिजी कापड, पितळी वेदीवर आधी राख काढून मग जांभळे. दांडे बसवून झाले की मगच कहाथी आत येत आणि खांद्यावर उचलत. त्यांच्यावर देखरेख अहरोनाचा मुलगा एलाजार याची.

गेर्षोनींकडे कापडचोपड: मंडपाचे पडदे, आच्छादने, दाराचे आणि अंगणाचे पडदे, दोऱ्या. त्यांना 2 गाड्या, 4 बैल. मरारींकडे सांगाडा: 48 फळ्या, 15 अडसर, खांब, मेखा आणि चांदीच्या 100 बैठका. प्रत्येक बैठक एका किक्काराची, म्हणजे सुमारे 34 किलो. नुसत्या बैठकांचेच वजन साडेतीन टनांच्या आसपास जाते, म्हणून त्यांना 4 गाड्या, 8 बैल. त्यांची प्रत्येक वस्तू नावानिशी नेमून द्यावी, अशी खास ताकीद आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते: दोन मेखा हरवल्या तरी पुढच्या मुक्कामी पडदा ताणता येत नाही. या दोन्ही घराण्यांवर अहरोनाचा दुसरा मुलगा इथामार.

कहाथींना मात्र एकही गाडी नाही. हा नियम मोडल्यावर काय झाले ते दावीद राजाच्या काळात दिसते. कोश नव्या गाडीवर ठेवला, खळ्यापाशी बैल अडखळले, उज्जाने आधाराला हात लावला आणि तो जागीच मेला. पुढच्या खेपेला लेव्यांनी कोश दांड्यांनी खांद्यावर वाहिला.

यरुशलेमात कायमचे मंदिर बांधायचे ठरल्यावर वाहण्याचे काम उरणार नव्हते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकानुसार दाविदाने 38,000 लेव्यांची नवी विभागणी केली: 24,000 मंदिरसेवेला, 6,000 अंमलदार व न्यायाधीश, 4,000 द्वारपाल, 4,000 वादक-गायक. कामाला लागण्याचे वयही 20 वर आले, कारण आता ओझे उरले नव्हते. याजकांचे 24 वर्ग पाडले, एलाजाराच्या वंशातले 16 आणि इथामाराचे 8. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. दुसऱ्या मंदिराच्या काळात प्रत्येक वर्ग शब्बाथ ते शब्बाथ आठवडाभर सेवेत असे. ग्रीक राजवटीविरुद्ध बंड करणारे मक्काबी घराणे पहिल्या, यहोयारीबाच्या वर्गातले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या आठव्या, अबीयाच्या वर्गातला.

बाबीलोनमधल्या बंदिवासातून परतताना चित्र उलटे झाले. एज्राच्या यादीत चार घराण्यांचे 4,289 याजक आहेत, लेवी मात्र 74. गायक आणि द्वारपाल वेगळे मोजलेत. आणि ज्या घराण्यांना वंशावळीत आपले नाव दाखवता आले नाही, त्यांना याजकपणातून वगळले. उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची साधने) असलेला याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र पदार्थ खाऊ नयेत, असा हुकूम अधिपतीने दिला.