यूएसएस यॅन्सी : टोकियोच्या उपसागरापासून चेसापीकच्या पुलापर्यंत

२१ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यावर वादळी वाऱ्यात एका नौदल जहाजाचा नांगर सुटला. मागे सरकत सरकत ते चेसापीक बे ब्रिज-टनेल या उपसागरावरच्या पूल-बोगद्याच्या रस्त्यावर आदळलं. पुलाचा मोठा भाग कोसळला आणि वाहतूक ४२ दिवस बंद राहिली. पुलावर कुणालाही इजा झाली नाही. ‘यूएसएस यॅन्सी’ हे नाव आज निघतं ते बहुतेक या अपघातामुळेच. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण त्याआधीची पंचवीस वर्षं या जहाजाने जे केलं ते फार मोलाचं होतं.

यॅन्सी हे ‘एकेए’ प्रकारातलं, म्हणजे उभयचर (समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या) मोहिमांसाठीचं मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधली बेटं एकेक करून घ्यायची होती आणि तिथे धक्का, क्रेन, बंदर यांतलं काहीच हाताशी नव्हतं. रणगाडे, तोफा, दारूगोळा, पाणी, जे काही लागेल ते भर समुद्रात उभं राहून किनाऱ्यावर पोचवायचं होतं. म्हणून १९४३ च्या फेब्रुवारीत अमेरिकी नौदलाने या जहाजांचा वेगळा वर्ग केला. युद्ध संपेपर्यंत अशी शंभराहून अधिक जहाजं बांधली गेली.

या जहाजांचं खरं कसब माल भरण्यात होतं. व्यापारी जहाजात जागा वाया जाऊ नये एवढंच पाहतात. इथे मात्र किनाऱ्यावर जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी, वरच्या थरात ठेवायचं. क्रम चुकला तर सैनिक गोळीबारात दारूगोळ्याची वाट पाहत बसणार. जहाजावरच्या जड डेरिकांनी, म्हणजे माल उचलणाऱ्या याऱ्यांनी, आधी लँडिंग होड्या पाण्यात सोडायच्या आणि मग लाटांवर डुचमळणाऱ्या त्या होड्यांत रणगाडा अलगद उतरवायचा. एक दोर निसटला की खालच्यांचा जीव जाणार. ही मेहनत युद्धाच्या गोष्टींत क्वचितच येते.

यॅन्सी नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनला बांधलं गेलं, त्याच राज्यातल्या एका काउंटीचं नाव त्याला मिळालं आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये ते सेवेत आलं. पुढच्या काही महिन्यांतच इवो जिमा आणि ओकिनावा या जपानी बेटांवरच्या दोन्ही मोहिमांत त्याने माल उतरवला. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सह्या केल्या, तेव्हा टोकियोच्या उपसागरात उभ्या असलेल्या जहाजांत यॅन्सीही होतं.

त्यानंतर त्याला धाडलं गेलं अंटार्क्टिकाला. १९४६-४७ ची अमेरिकी नौदलाची ‘हायजंप’ ही अंटार्क्टिका मोहीम ध्रुवसंशोधक रिचर्ड बर्ड यांच्या नेतृत्वाखाली निघाली होती. तिचा तळ उभारायचं सामान यॅन्सी आणि त्याच्याच जातीचं ‘मेरिक’ यांच्यावर लादलं होतं. दोघांपैकी कुणाचाही पत्रा बर्फासाठी बनवलेला नव्हता. ‘नॉर्थविंड’ ही बर्फफोडी नौका वाट काढत पुढे आणि तिच्यामागे ही जहाजं, असा तो प्रवास होता. मेरिकचं सुकाणू बर्फाने निकामी केलं आणि त्याला ओढून न्यूझीलंडला न्यावं लागलं. यॅन्सीने मात्र आपला माल अंटार्क्टिकाच्या बे ऑफ व्हेल्स या उपसागरात बर्फाच्या काठावर उतरवला.

पुढे काही वर्षं राखीव ताफ्यात काढून १९६१ मध्ये ते पुन्हा सेवेत आलं. १९६२ च्या क्यूबा नाकेबंदीच्या वेळी आणि १९६५ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अमेरिकी लष्करी हस्तक्षेपातही ते होतं.

पुलाच्या अपघातानंतर वर्षभरात, १९७१ मध्ये, यॅन्सीची सेवा संपली. १९९० मध्ये मासे आणि प्रवाळांना आसरा मिळावा म्हणून नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ ते मुद्दाम बुडवण्यात आलं.

पण हा वर्ग मागे पडला त्याला अपघात कारण नव्हता. डेरिकने एकेक नग उतरवण्यात फार वेळ जायचा, आणि तोवर जहाज शत्रूच्या टप्प्यात उभं राहायचं. नव्या ‘एलपीडी’ जहाजांच्या मागच्या भागात पाणी आत घेता येतं, त्यामुळे भरलेल्या होड्या थेट तरंगत बाहेर पडतात. शिवाय वर हेलिकॉप्टरांसाठी डेक असतो. असंच एक जहाज, ‘ट्रेंटन’, यॅन्सी निवृत्त झालं त्याच १९७१ मध्ये अमेरिकी ताफ्यात आलं. २००७ मध्ये भारताने ते विकत घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘आयएनएस जलाश्व’. मे २०२० मध्ये कोरोनाकाळात मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना याच जलाश्वने कोचीला आणलं.