दोन डिस्क, एकच मजकूर: घरच्या लिनक्सवर रेड-१

एका हार्ड डिस्कवर लिहिलेलं सगळं त्याच वेळी दुसरीवरही लिहायचं, हे रेड-१. लिनक्सवर त्यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एमडी ड्रायव्हर आणि एमडीएडीएम ही आज्ञा पुरते. ४ टीबीच्या दोन डिस्कमधून जागा ४ टीबीच मिळते. आणि हा बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.

डिस्क घेताना सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढलेली, आहे ना, हे बघून घ्या. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण नवी डिस्क भरताना काम रेंगाळतं.

दोन्हींवर सारख्या आकाराचं पार्टिशन करा आणि शेवटी १०० एमबी रिकामी सोडा. उद्या बदली आणलेली '४ टीबी' डिस्क काही सेक्टरनी लहान निघाली, तर अ‍ॅरे (दोन डिस्कची ही जोडी) तिला घेणार नाही. एसडीए, एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात, म्हणून अनुक्रमांक असलेलं नाव वापरा. चुकीच्या डिस्कवर आज्ञा चालली की संपलं.

अ‍ॅरे बनवताना अंतर्गत बिटमॅप (कुठला भाग लिहिला जात होता याची नोंद) मागून घ्या. मग वीज गेल्यावर अर्धवट राहिलेला भागच पुन्हा जुळवला जातो. पहिली जुळणी मात्र पूर्ण होते: सेकंदाला १५० एमबी धरले तर ४ टीबीला साडेसात तास. तेवढ्यात फाइल सिस्टिम घालून काम सुरू केलं तरी चालतं. अ‍ॅरेची नोंद कॉन्फिग फाइलमध्ये करून इनिटरॅमएफएस (संगणक चालू होताना आधी वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने बनवा, नाहीतर रीस्टार्टनंतर तो एमडी१२७ नावाने उगवतो.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिटभर किंवा जास्तही झगडते. लिनक्स ३० सेकंदच थांबतं, मग डिस्क रीसेट करतं, आणि बऱ्यापैकी धडधाकट डिस्क अ‍ॅरेबाहेर पडते. स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कच्या झगडण्याची मर्यादा ७ सेकंदांवर आणा. डिस्कने वेळेत हार मानली की एमडी तोच मजकूर दुसरीवरून घेऊन खराब जागी पुन्हा लिहितं. डिस्क हे मानत नसेल, तर कर्नलचा वेळ १८० सेकंद करा. ही सेटिंग टिकत नाहीत; दर वेळी चालू होताना लावणारी स्क्रिप्ट हवी.

शेवटी तालीम. अ‍ॅरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये [यूयू], म्हणजे दोन्ही डिस्क ठीक, दिसत असताना एक डिस्क आज्ञेनेच 'बिघडली' म्हणून जाहीर करा. [यू_] दिसलं पाहिजे आणि मेलही आला पाहिजे. तो आला नाही, तर एकाच डिस्कवर महिनोन्‌महिने चालेल आणि पत्ता लागणार नाही. मग डिस्क काढून पुन्हा जोडा. त्याआधी प्रत्येक डिस्कच्या दिसणाऱ्या कडेला अनुक्रमांकाचं लेबल चिकटवा. घाईत चांगलीच डिस्क उपटली जाते.